दसऱ्यानंतरच्या शर्यतींसाठी लेझर तयार करताना

पुण्यातल्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी मे महिन्यात एक जुनी लेझर, म्हणजे एकट्याने चालवायची शिडाची छोटी होडी, विकत घेतली आणि पावसाळाभर ती पानशेत रस्त्यालगतच्या एका शेतात उलटी घालून ठेवली. दसऱ्यानंतर धरणाच्या पाण्यावर आमच्या रविवारच्या शर्यती सुरू होतात, त्यांत त्यांना उतरायचे आहे. त्यांचे वजन ६४ किलो आहे, गेल्या वर्षी ते दुसऱ्याच्या होडीवर शिकले आणि आता हाताशी सहा आठवडे आहेत. नवे शीड आधी घ्यावे, व्यायाम आधी सुरू करावा की नियम आधी वाचावेत, आणि छोट्या मापाची डोलकाठी व शीड घ्यावे का, असे त्यांचे विचारणे आहे.

मी गेली एकोणीस वर्षे खडकवासला आणि पानशेतच्या पाण्यावर लेझर चालवते आणि त्यांतली अकरा वर्षे नवख्यांना शिकवते. या होडीचे अधिकृत नाव २०१९ पासून 'इल्का' झाले असले तरी काठावर अजून सगळे लेझरच म्हणतात, म्हणून मीही तेच नाव वापरते. माझे उत्तर असे की या सहा आठवड्यांतले पहिले तीन, आणि हातातले बहुतेक पैसे, होडी मोडणार नाही एवढ्यासाठीच खर्च करावेत. वेग वाढवण्याचा विचार पुढच्या वर्षी केला तरी चालेल. हे घाबरटपणाचे वाटेल, पण त्यामागे साधा हिशेब आहे.

शर्यतींच्या मालिकेत गुण उलटे मोजतात: पहिल्याला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३, आणि शेवटी ज्याची बेरीज सर्वांत कमी तो वर. जो शर्यत पूर्ण करत नाही किंवा येतच नाही, त्याला मालिकेत नोंदलेल्या एकूण होड्यांपेक्षा एक जास्त इतके गुण बसतात. बारा होड्या आणि आठ शर्यती धरा. त्यांतली प्रत्येकाची सर्वांत वाईट एक शर्यत सोडून देतात. एक जण १, १, २, १, २, १ असा सुरेख चालला, पण दोनदा त्याची होडी मोडली म्हणून त्याला दोन वेळा १३ बसले. एक १३ सोडून दिल्यावर त्याची बेरीज २१ होते. दुसरा एकदाही पहिला आला नाही. त्याचे क्रमांक ३, ३, २, ४, ३, २, ३, ४ असे आले. एक ४ सोडल्यावर त्याची बेरीज २०, म्हणजे मालिका त्याची. आमच्याकडे दर वर्षी कोणी ना कोणी त्या पहिल्या माणसाच्या जागी असतो आणि एका हंगामात ती जागा माझी होती. ती हकीकत पुढे येईलच.

होडीला हात लावण्याआधी आपल्याकडचा वारा कसा असतो ते नीट समजून घ्यावे, कारण चित्रफितींत दिसणारी लेझर बहुधा समुद्रावरच्या पंधरा-वीस नॉट वाऱ्यात, माणूस पूर्ण बाहेर लटकलेला, अशी असते आणि नवखा माणूस त्या चित्रासाठी तयारी करत बसतो. आपल्याकडे पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरदार असतो, पण तेव्हा शर्यती नसतात. पाऊस परतला की ऑक्टोबर ते जानेवारी सकाळी पाणी आरशासारखे असते, साडेदहा-अकराच्या सुमारास ऊन तापले की पहिली सुरकुती दिसते, आणि दुपारी चार ते आठ नॉटचा, कुठून येतो हे त्यालाही ठाऊक नसावे असा वारा सुटतो. सिंहगडाच्या रांगेतून आणि दोन्ही काठांच्या टेकड्यांमधल्या खिंडींतून तो तुकड्यातुकड्याने खाली उतरतो. पाच मिनिटांत त्याने वीस-तीस अंश दिशा बदलणे ही रोजची गोष्ट आहे. मार्च ते मे या काळात कोकणातून घाट चढून संध्याकाळी येणारा पश्चिमेचा वारा त्या मानाने सरळ आणि भरवशाचा असतो, पण तोवर मालिका संपत आलेली असते. म्हणून तयारी करायची ती मंद आणि फिरत्या वाऱ्याची.

यातूनच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. लेझरचा सांगाडा एकच असतो आणि त्यावर तीन मापांची शिडे चढतात: सुमारे ७ चौरस मीटरचे मोठे, ५.७ चौरस मीटरचे मधले आणि ४.७ चौरस मीटरचे लहान. तुमच्या वजनाच्या माणसाला समुद्रावर मधले माप सुचवले जाते आणि ते बरोबरच आहे, कारण जोराच्या वाऱ्यात मोठे शीड त्याला पेलत नाही. आपल्या तलावावरच्या मंद वाऱ्यात मात्र ६४ किलोचा माणूस मोठ्या शिडावर फायद्यातच राहतो. ८५ किलोच्या गड्याची होडी पाण्यात जास्त रुतते आणि झुळूक आली तरी उशिराने हलते. तेव्हा छोट्या मापाचा संच या वर्षी घेऊ नका. ज्या दिवशी वारा बारा-तेरा नॉटच्या पुढे जाईल त्या दिवशी तुम्ही मागे पडाल हे मान्य करून ठेवा. असे दिवस हंगामात दोन-तीनच येतात.

आता होडी. लेझरचा रिकामा सांगाडा सुमारे ५९ किलोचा असतो आणि जुन्या होडीचा पहिला रोग म्हणजे आत मुरलेले पाणी. ज्या शेतात होडी ठेवली आहे तिथे कांद्याच्या पिशव्या तोलायचा टांगता काटा असेलच. आधी नाळेकडचे, म्हणजे पुढचे टोक, मग मागचे टोक काट्याला टांगून दोन्ही आकडे मिळवले की वजनाचा पुरेसा अंदाज येतो. आकडा ६३-६४ च्या पुढे गेला तर मागच्या बाजूचे बूच काढून होडी दोन दिवस तिरकी ठेवा आणि पाणी कुठून शिरते त्याचा शोध घ्या. त्यासाठी कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या खोलगट जागेच्या, पुढच्या भिंतीत वरच्या अंगाला हवा खेळण्यासाठी असलेले बारीक छिद्र चिकटपट्टीने बंद करावे, बुचाच्या भोकात रबरी नळी बसवून तोंडाने हवा फुंकावी, आणि दाढीच्या ब्रशाने साबणाचा फेस सगळ्या सांध्यांवरून फिरवावा. वरचा आणि खालचा भाग जिथे जोडलेला असतो ती कड, कॉकपिटमधले पाणी बाहेर सोडणाऱ्या बेलरभोवतालची जागा आणि सुकाणू अडकवायच्या पट्ट्यांचे स्क्रू या तीन ठिकाणी बुडबुडे हमखास दिसतात. हवा भरायला कंप्रेसर कधीही वापरू नये. गेल्या काही वर्षांत एका हौशी गृहस्थांनी पंक्चरवाल्याकडून हवा भरून घेतली आणि एक चांगली होडी सांध्यात उकलली. आवाज म्हणे टायर फुटल्यासारखा झाला होता.

त्याहून महत्त्वाची तपासणी डोलकाठीच्या खोबणीची. ती गळत असेल तर नुसते पाणी शिरत नाही, तर खोबणीचा तळ आतून सुटत चाललेला असतो आणि एके दिवशी डोलकाठी वरचा पत्राच उचकटून आडवी होते. हा 'पत्रा' अर्थात फायबरचा, पण आम्ही तसेच म्हणतो. खोबणी काठोकाठ पाण्याने भरा, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करा आणि चहा पिऊन या. अर्ध्या तासाने पाणी खुणेवर असेल तर निश्चिंत व्हा. एक बोटभरही खाली गेले असेल तर फायबरचे काम जाणणाऱ्या माणसाकडून खोबणी दुरुस्त झाल्याशिवाय ती होडी शर्यतीत आणू नका. खोबणीत वाळू राहिली असेल तर तीही पुसून काढा, कारण डोलकाठी दर वळणाला थोडी फिरते आणि वाळू तिच्याखाली कानसेसारखी काम करते.

दुरुस्तीचे काम सप्टेंबरात करायचे असल्याने एक सावधगिरी सांगते. दमट हवेत रेझिन नीट पकडत नाही. वरून कडक वाटते आणि नखाने दाबले की खालचा थर चिकट निघतो. उघाडीचे दोन दिवस बघावेत, जागा आधी पिवळ्या बल्बच्या उष्णतेने पूर्ण कोरडी करावी आणि हार्डनर डोळ्यांच्या अंदाजाने ओतू नये, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मोजून घालावा. तळाला चरे असतील तर ते भरून पाण्याच्या कागदाने आधी ६०० आणि मग १००० नंबरने घासले की पुरे. तळ आरशासारखा चमकवण्यात लोक रविवार-रविवार घालवतात. मला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा डॅगरबोर्डच्या, म्हणजे होडीच्या मधून पाण्यात उतरवायच्या फळीच्या, आणि सुकाणूच्या पात्याच्या कडा गुळगुळीत करा, कारण फरक तिथे पडतो.

मग डोलकाठीचे दोन तुकडे आणि बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा. बूम उचलून आतून उजेडाकडे बघा. शेतात पावसाळाभर पडलेल्या बूममध्ये कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले नसेल तर मला आश्चर्य वाटेल. एका विद्यार्थ्याची आउटहॉलची दोरी, म्हणजे शिडाचे मागचे टोक ताणणारी दोरी, पहिल्याच शर्यतीत अडकली. काठावर येऊन बूम हलवली तर आतून वाळलेल्या मातीचे चार गोळे आणि त्यांत बेशुद्ध केलेले कोळी निघाले. सायकलच्या स्पोकने टोकरून आणि पाण्याची धार मारून बूम स्वच्छ करावी आणि पुढे ठेवताना दोन्ही तोंडांना कापडाचे बोळे घालावेत.

बूमवरचे आणि डोलकाठीवरचे रिव्हेट एकेक करून अंगठ्याने हलवून बघा. इथे माझी हकीकत येते. सहाव्या हंगामात बूम ज्या आकड्यावर डोलकाठीला अडकते त्याचा एक रिव्हेट सैल झाला होता. मी रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन त्याच जाडीचे साधे ॲल्युमिनियमचे रिव्हेट आणले आणि स्वतःच ठोकले. दुकानदाराने विचारलेही होते की कशासाठी हवेत, मी म्हटले, "पाटीसाठी." तिसऱ्या शर्यतीत, मी दुसरी असताना, जाइब मारताना, म्हणजे वारा पाठीवर घेऊन वळताना, ते दोन्ही रिव्हेट बटणे तुटावीत तसे उडाले आणि बूम पाण्यात गेली. पुढच्या आठवड्यात दुरुस्ती झाली नाही म्हणून दुसरा १३ बसला. त्या जागी ४.८ मिलिमीटरचे स्टेनलेस किंवा मोनेल धातूचेच रिव्हेट लागतात आणि ते बसवायला हाताचा लहान चिमटा पुरत नाही, लांब दांड्यांची रिव्हेट गन लागते. गोड्या पाण्यात गंज कमी असतो, हे आपले भाग्य. मुंबईकरांना दर वेळी होडी धुवावी लागते तेवढी आपल्याला लागत नाही. पण गंज नाही म्हणून धातू थकत नाही असे मात्र नाही.

डोलकाठीचा वरचा तुकडा ॲल्युमिनियमचा असेल तर तो सपाट फरशीवर गडगडवून बघा. लाटण्यासारखा सरळ गेला तर ठीक. ठेचकाळत गेला तर तो वाकला आहे. दोन तुकड्यांच्या जोडापाशी असलेल्या कॉलरचा रिव्हेट नेहमी मागच्या बाजूला तोंड करून ठेवावा, म्हणजे काठी वाकते तेव्हा ते भोक ताणाच्या बाजूला येत नाही. बहुतेक काठ्या तिथेच मोडतात. सुकाणूच्या पात्याचा बोल्ट इतका आवळा की पाते हाताने जोर लावल्याशिवाय हलणार नाही, आणि ते पूर्ण खाली उतरते ना ते बघा. पाते थोडे जरी मागे झुकलेले राहिले तरी टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, जड लागतो आणि आपण उगाच होडीला दोष देत बसतो. होडी उलटल्यावर सुकाणू निसटू नये म्हणून पट्टीवर जी स्प्रिंगची जीभ असते ती जागेवर आहे ना, आणि डॅगरबोर्डला व डोलकाठीला बांधायच्या दोऱ्या आहेत ना, हेही पाहावे. डोलकाठीची दोरी हा लेझर वर्गाचा नियमच आहे, कारण उलटलेल्या होडीतून काठी निसटून खाली गेली तर धरणाच्या गाळातून ती पुन्हा हाती लागत नाही.

दोऱ्यांवर मात्र पैसे खर्च करा. ट्रॅव्हलरची, म्हणजे टिलरवरून आडवी जाणारी दोरी, न ताणणारी डायनीमाची असावी आणि ती वीणेच्या तारेसारखी ताठ बसली पाहिजे. मेनशीट, म्हणजे शीड आत ओढायची आणि बाहेर सोडायची दोरी, सहा-सात मिलिमीटरची, पाणी न पिणारी हवी. मंद वाऱ्यात जाड आणि भिजलेली मेनशीट असली तर बूम बाहेरच जात नाही. वँग (बूम खाली ओढणारी), कनिंगहॅम (शिडाची पुढची कड ताणणारी) आणि आउटहॉल या तिन्ही दोऱ्या हातातल्या एका ओढीने सुटल्या पाहिजेत. घरी गच्चीवर किंवा शेतात होडी पूर्ण उभी करून डोळे मिटून त्या ओढून-सोडून बघा. पाण्यावर तुमचे डोळे शिडाच्या पट्ट्यांकडे आणि वाऱ्याकडे असायला हवेत, गाठीकडे नाही.

व्यायामाबद्दल थोडक्यात. पुणेकराला व्यायाम म्हटले की सिंहगड आठवतो, आणि गड चढून वर पिठले-भाकरी व मडक्यातले दही खाऊन खाली येणे याला माझा विरोध नाही. पण होडीवर मांड्यांना चढण्याचे काम नसते. एकाच स्थितीत ताण धरून ठेवण्याचे असते. भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखे बसणे, सुरुवातीला चाळीस सेकंद आणि सहाव्या आठवड्यात दोन मिनिटे, आणि त्याच्या जोडीला पोटाच्या स्नायूंसाठी प्लँक, एवढे रोज केले तरी तुमच्या वजनाला पुरेल. मंद वाऱ्यात लागते ती खरे तर लवचिकता: कॉकपिटच्या पुढच्या कडेला उकिडवे बसून वीस मिनिटे न हलता राहणे. ज्यांना मांडी घालून जेवायची सवय आहे ते इथे पुढे असतात.

चौथ्या आठवड्यापासून पाण्यावर जा आणि सगळा वेळ सुरुवातीच्या सरावाला द्या. आपल्या छोट्या पाण्यावर शर्यत चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत संपते आणि पहिल्या मिनिटात मागे पडलेला माणूस पुढच्यांनी मळवलेल्या वाऱ्यातच अडकून राहतो. पद्धत सगळीकडे सारखीच असते: पाच मिनिटे आधी वर्गाचा झेंडा वर, चार मिनिटे आधी पूर्वतयारीचा झेंडा वर, एक मिनिट आधी तो खाली, आणि शून्याला वर्गाचा झेंडा खाली. वीस लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन घ्या, त्याला वाळूची पिशवी बांधून तो पाण्यात सोडा आणि त्याच्या शेजारी होडी एक मिनिटभर जागच्या जागी धरून दाखवा. शीड फडफडते, होडी बाजूला वाहते, नाळ वाऱ्यात अडकते. पहिल्या दिवशी दहा सेकंदही जमणार नाही. चार दिवसांनी जमू लागले की घड्याळ लावून बघा, उभ्या होडीला पूर्ण वेग यायला किती सेकंद लागतात. आपल्या वाऱ्यात ते बहुधा आठ ते दहा असतात, पण तुमचा आकडा तुम्हीच काढला पाहिजे, कारण शीड ओढायचा क्षण त्यावरून ठरतो.

सुरुवातीची रेषा कुठे आहे हे मध्यभागातून कधीच कळत नाही. म्हणून सुरुवातीआधी रेषेच्या एका टोकाला जाऊन, दुसऱ्या टोकाच्या सरळ मागे काठावर काय दिसते ते पाहून ठेवा: एखादे घर, विजेचा टॉवर, पिंपळ. मग मध्ये असताना टोकाचा बोया, म्हणजे तरंगती खूण, आणि तो पिंपळ एका ओळीत आले की तुम्ही रेषेवर आहात. बाकीचे दोन होड्यांइतके मागे थांबलेले असतात, कारण प्रत्येकाला वाटत असते की आपण पुढे गेलो. रेषेवर होडी नाळेने थेट वाऱ्यात धरली की नाळ ज्या टोकाकडे झुकते ते टोक वाऱ्याला जवळ असते. आमच्याकडच्या फिरत्या वाऱ्यात मात्र ही पाहणी शेवटच्या दोन मिनिटांत पुन्हा करायला हवी. पाच मिनिटांपूर्वीचे उत्तर शिळे झालेले असते.

फिरत्या वाऱ्याचे गणित एकदा कळले की तलावावरची निम्मी कोडी सुटतात. वाऱ्याकडे जाताना वारा नाळेच्या बाजूला सरकला तर होडीला लक्ष्यापासून दूर वळावे लागते. तेव्हा लगेच टॅक करून, म्हणजे नाळ वाऱ्यातून पलीकडे फिरवून, दुसऱ्या अंगावर जावे. वारा मागच्या बाजूला सरकला तर होडी आपोआप लक्ष्याकडे वळते. तेव्हा काहीही करू नये. पहिल्याला आम्ही 'हेडर' आणि दुसऱ्याला 'लिफ्ट' म्हणतो. दोन होड्या एकमेकींपासून आडव्या चाळीस मीटर अंतरावर, बरोबरीने चाललेल्या असताना वारा दहा अंश फिरला तर, फिरलेल्या वाऱ्याच्या बाजूला असलेली होडी त्या अंतराच्या सुमारे चतुर्थांश, म्हणजे दहा मीटर पुढे जाते. लेझरची लांबी सव्वाचार मीटर आहे. तेव्हा एका फिरण्यात दोन होड्यांहून जास्त अंतर फुकट मिळते. एवढे अंतर नव्या शिडाने संपूर्ण शर्यतीतही मिळत नाही. आणि हेच उलटेही खरे असल्यामुळे, पुढे असाल तर बाकीच्यांपासून फार दूर एका काठाला जाऊ नये.

मंद वाऱ्यात होडी किंचित वाऱ्याआडच्या बाजूला कलती ठेवावी, म्हणजे शीड स्वतःच्या वजनाने पोट धरते आणि पाण्याला चिकटणारा तळ कमी होतो. आउटहॉल थोडा सैल, वँग जवळजवळ मोकळा आणि हालचाल मांजरासारखी हवी. टॅक करताना होडी आधी कलवून मग अंगाने सपाट आणायची, याला रोल टॅक म्हणतात; तो नियमात बसतो. पण वळण संपल्यावर होडीचा वेग, वळण घेतलेच नसते तर जेवढा असता त्यापेक्षा जास्त झाला किंवा तुम्ही नुसतेच शरीर झुलवून होडी पुढे ढकलू लागलात, तर तो नियम ४२ चा भंग ठरतो. आमच्या तलावावर सर्वांत जास्त तोंडातोंडी याच नियमावरून होते आणि करणारे बहुधा जुनेजाणतेच असतात.

नियमांचे पुस्तक १ जानेवारी २०२५ पासून नवे लागू झाले आहे आणि ते २०२८ अखेर चालेल. सगळे वाचायची या वर्षी गरज नाही. दुसऱ्या भागातले नियम १० ते १३ आणि १८ एवढे पाठ करा. उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या होडीला डाव्या अंगाने वारा घेणारीने वाट द्यायची. दोघी एकाच अंगावर, एकमेकींना लागून असतील तर वाऱ्याकडच्या होडीने वाऱ्याआडच्या होडीला वाट द्यायची. मागून येणारीने पुढच्या होडीला वाट द्यायची, आणि टॅक करत असणारीने सगळ्यांना. बोयापासून तीन होड्यांच्या लांबीचे वर्तुळ कल्पा. त्यात शिरताना आतल्या बाजूला जी होडी लागून असेल तिला, काही अपवाद सोडता, बोया वळायला जागा द्यावी लागते. चूक झाली तर बाजूला होऊन लगेच दोन पूर्ण फेऱ्या मारा, आणि नुसता बोयाला स्पर्श झाला असेल तर एक. फेऱ्यांना साधारण अर्धे मिनिट लागते. तक्रार होऊन बाद झालात तर मात्र बारा होड्यांच्या मालिकेत तुमच्या नावावर १३ लागतात. तुमच्यावर अन्याय झाला तर पहिल्या संधीला मोठ्याने 'प्रोटेस्ट' म्हणा. लेझरसारख्या सहा मीटरपेक्षा लहान होडीला लाल झेंडा लावावा लागत नाही. ओरडायला पुणेकराला कोणी शिकवावे लागत नाही, पण वेळेवर ओरडणे वेगळे.

पाण्याबद्दल दोन गोष्टी सांगते, त्या इथल्याच आहेत. पुण्याला पाणी पुरवणाऱ्या चार धरणांत खडकवासला सर्वांत खाली आणि सर्वांत लहान, सुमारे १.९७ टीएमसीचे, पानशेत, वरसगाव आणि टेमघर वर. वरून सोडलेले पाणी खाली येते आणि खालून कालव्यात व नदीत जाते, त्यामुळे पातळी तुमच्या-आमच्या सोयीने वरखाली होत नाही. परतीच्या पावसात मुठेत विसर्ग चालू असल्याची बातमी वर्तमानपत्रात असेल त्या दिवशी भिंतीच्या बाजूच्या पाण्यात होडी नेऊ नये. हिवाळ्याअखेर वरच्या धरणांत पाणी उतरू लागले की जुने बांध आणि बाभळीचे बुंधे पृष्ठभागाखाली हातभर येतात. डॅगरबोर्ड त्यांवर आपटला की त्याच्या खोबणीची मागची कड फुटते. पीकॉक बेच्या बाजूचे पाणी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या हद्दीचे आहे, तिकडे वारा चांगला दिसला तरी जायचे नाही. आणि पाटबंधारे खात्याच्या परवानगीची प्रत होडीच्या पेटीत ठेवावी. पहारेकरी दर वर्षी नवा असतो.

ऑक्टोबरातल्या दुपारी ढगांकडे लक्ष असू द्या. बहुधा पूर्वेकडून काळा ढग चढतो, वारा एकदम पडतो, आणि मग दहा मिनिटांत वीस-पंचवीस नॉटचा झोत येतो. वारा पडला आणि हवेत ओल्या मातीचा वास आला की शर्यत सोडून काठाला यावे. विजा चमकत असताना सहा मीटरची धातूची काठी घेऊन तलावाच्या मध्यावर बसण्यासारखा वेडेपणा नाही. त्या दिवशी बसलेल्या १३ गुणांचे मला कधीच वाईट वाटलेले नाही. तरंगते जॅकेट काठावरच घालून बंद करायचे, पाण्यावर गेल्यावर नाही. पोहता येत असले तरीही.

राहता राहिले शीड. तुमचे जुने शीड जमिनीवर पसरून बघा: शिवणी उसवलेल्या नाहीत, तिन्ही पट्ट्या आपापल्या खिशांत घट्ट आहेत, आणि कापड बोटांत चुरगळल्यावर अगदी जुन्या लुगड्यासारखे मऊ लागत नाही, एवढे असले तर हा हंगाम त्यावरच काढा. नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शिकली आणि २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत तिने मुलींच्या लहान लेझरमध्ये रौप्यपदक मिळवले. तलावावरचा फिरता वारा वाचायला शिकलेल्या मुलीला समुद्र अवघड गेला नाही. नव्या शिडाचे पैसे मार्चपर्यंत बाजूला ठेवा. तेव्हा संध्याकाळचा पश्चिमेचा वारा सुरू होतो आणि ताज्या शिडाचा फरक खरोखर हाताला जाणवतो. तोवर जुने शीड घडी घालून ठेवू नका. नळकामाच्या दुकानातून चार इंची पीव्हीसीचा पाइप आणा, शीड वरच्या टोकापासून त्यावर गुंडाळा आणि घरात उंदीर असतील तर पाइप छताला टांगा; मी माझा स्वयंपाकघरातल्या माळ्याखाली टांगते आणि घरचे लोक गेली अनेक वर्षे त्याला डोके आपटून घेत आले आहेत.